शंभर धरलेलं कार्ड

त्याला सगळे 'शंभर' म्हणत. वयाशी या नावाचा काही संबंध नव्हता. पन्नाशीला अजून दोन वर्षं होती. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या त्याच्या दुकानात काउंटरमागे ग्राफिक्स कार्डांचा एक मोठा तक्ता लावलेला होता. एका जुन्या कार्डाचा वेग शंभर धरायचा आणि बाकीच्यांचा त्याच्या हिशेबाने मांडायचा, अशी त्याची रीत. गिऱ्हाइकाने कुठलंही कार्ड विचारलं की तो हातातल्या स्क्रूवरून नजर न काढता सांगायचा, "शंभराला बहात्तर." नाव पडायला एवढं पुरलं.

दुकान काढण्याआधी अकरा वर्षं तो एका कारखान्यात सुटे भाग मोजून पास-नापास करायचा. ती सवय अंगात मुरली होती. कार्डाच्या खोक्यावर छापलेले आकडे, म्हणजे मेमरी किती, त्या मेमरीचा रस्ता किती रुंद, वीज किती खाणार, हे सगळं तो तक्त्यात पेन्सिलीने लिहायचा. स्वतः घड्याळ लावून मोजलेला वेग मात्र शाईने. एकतीस कार्डं झाली होती आणि शाईतला एकही आकडा आजवर खोडलेला नव्हता. मोजणी व्हायची ती एका प्लायवूडच्या फळीवर. तिच्यावर मदरबोर्ड उघडाच स्क्रूने बसवलेला होता. दोन वर्षांपूर्वी त्याने तो बदलून नवा घातला आणि हौसेने तोवरची सगळी कार्डं पुन्हा मोजून तक्ता नव्याने लिहिला.

त्याची धाकटी बहीण घरीच बसून इमारतींच्या फिल्मा करायची. इमारत उभी राहण्याआधी तिच्यातून फिरून आल्यासारखं मालकाला दाखवायचं, हे तिचं काम. एका हॉस्पिटलची फिल्म गुरुवारी सकाळी दहाला द्यायची होती. "या वेळी वेळेवर दिलीत तर वर्षभराचं काम तुमच्याकडे, नाहीतर दुसरं कोणी बघतो," असं आर्किटेक्टने सरळ सांगून टाकलं होतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात तिचं कार्ड गेलं.

शंभरने तिची फाइल मागवली आणि फळीवर दोन कार्डं चालवून बघितली. एक ते शंभर धरलेलं: अकरा जीबी मेमरी, तीनशे बावन्न बिटचा रस्ता, अडीचशे वॅट. दुसरं नवीन: आठ जीबी, एकशे अठ्ठावीस बिट, एकशे पंधरा वॅट. फिल्मच्या एका चित्राला जुन्याला पंचावन्न सेकंद लागले, नव्याला चाळीस.

"दादा, अकरापेक्षा आठ कमीच ना रे?" बहिणीने विचारलं होतं. "माझी फाइल दहा जीबीची आहे."

"खोक्यावरचे आकडे धरून बसू नकोस. घड्याळ बघ. शंभराला एकशे सदतीस."

तिने नवीन घेतलं. बाराशे चित्रं, प्रत्येकी चाळीस सेकंद, म्हणजे साडेतेरा तासांच्या आत काम. बुधवारी सकाळी आठला तिने मशीन सुरू केलं. दहा वाजता तिचा फोन आला.

"दादा, पंच्याऐंशी झालीत."

"टक्के?"

"चित्रं. दोन तासांत पंच्याऐंशी चित्रं. तुझं घड्याळ तुझ्या दुकानातच पळतं वाटतं."

तो घड्याळ आणि टॉर्च घेऊन गेला. दार मेव्हण्याने उघडलं. "या. फार गुणी कार्ड दिलंत हो, आवाजच नाही. काम करतंय की झोपलंय, तेवढं बघा."

शंभर हसला नाही. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर होता, त्याच्यासमोर खुर्ची ओढून त्याने एक चित्र मोजलं. एक मिनिट चोवीस सेकंद. दुसरं मोजलं. एक मिनिट पंचवीस. कार्ड तापलेलं नव्हतं, वायर ढिली नव्हती, सगळं जिथल्या तिथे होतं.

"माझं मोजमाप चुकत नाही," तो म्हणाला.

"मग माझी फाइल चुकली असेल," बहीण म्हणाली. "तिला ओरड."

त्याने मशीन बंद करायला लावलं आणि कार्ड उपसून हातात घेतलं. बोर्डात घुसणाऱ्या पट्टीवर सोनेरी रेघा अर्ध्याच होत्या. माहिती ये-जा करायच्या सोळा वाटांच्या जागेत या कार्डाने आठच वापरल्या होत्या. ते त्याला ठाऊक होतं. तक्त्यात पेन्सिलीने लिहिलेलंही होतं. मग टॉर्च खाली नेऊन त्याने बहिणीच्या मदरबोर्डावरचा नंबर वाचला. बोर्ड सहा वर्षांपूर्वीचा. त्यावरची प्रत्येक वाट त्याच्या फळीवरच्या वाटेच्या निम्म्याच वेगाची.

टॉर्च तिथेच थांबला.

"काय झालं?" बहिणीने विचारलं.

"तुझी फाइल दहाची, कार्डात मावतात आठ. उरलेलं या वाटांवरून सारखं ये-जा करतंय. वाटा आधीच निम्म्या, आणि तुझ्या बोर्डावर त्याही निम्म्या धावतात. माझ्याकडे हे दिसलंच नाही. फळीवरचा बोर्ड नवा आहे."

"म्हणजे चूक तुझी."

"माझी."

हिशेब तिनेही केला होता: या चालीने उद्या दुपार उजाडणार होती.

दुकानात येऊन त्याने शंभर धरलेलं कार्ड हुकावरून काढलं. हे विकायचं नाही असं तो नऊ वर्षं सांगत आला होता, कारण ते गेलं की यापुढचं प्रत्येक कार्ड कशाशी मोजणार? मग मोठा पॉवर सप्लायही काढला आणि दोन्ही पिशवीत घातलं.

बहिणीच्या कॉम्प्युटरच्या डब्यात ते कार्ड मावेना. हार्ड डिस्कचा पिंजरा काढावा लागला, बाजूचं झाकण उघडंच राहिलं. वजनाने कार्ड एका टोकाला लोंबत होतं. बहिणीने त्याखाली दोऱ्याचं रीळ उभं केलं. साडेबाराला मशीन सुरू झालं. पंखे असे घोंगावले की मेव्हणा आतल्या खोलीतून ओरडला, "आता जागं झालं!"

पहिलं चित्र छप्पन्न सेकंदांत आलं. दुसरं पंचावन्न.

"अकरापेक्षा आठ कमी, असं मी म्हटलं होतं," बहीण म्हणाली.

"म्हटलं होतंस."

गुरुवारी साडेनऊला फिल्म गेली. अकराला तिने फोन करून वर्षाचं काम मिळाल्याचं सांगितलं आणि कार्ड कधी परत नेतोस ते विचारलं.

"वर्षभर काय त्या रिळावर उघडं मशीन चालवणार आहेस? डबा मोठा घे. कार्ड राहू दे."

तक्त्यातली शाई खोडता येण्यासारखी नव्हती. त्याने वेगाच्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं: 'फक्त माझ्या फळीवर.' शेजारी एक नवा रकाना आखला आणि त्यात दोनच आकडे शाईने भरले: जुनं पंचावन्न सेकंद, नवं पंच्याऐंशी. वर लिहिलं, 'बहिणीच्या घरी.'

दुपारी एक गिऱ्हाईक आलं. काउंटरवर कोपर टेकून त्याने विचारलं, "काय हो शंभर, यातलं सगळ्यात चांगलं कुठलं?"

शंभरने या वेळी मान वर केली.

"तुमचा डबा घेऊन या," तो म्हणाला. "मग सांगतो."