हसवणारे, न हसणारे

कोथरूडच्या आमच्या बागेत रोज सकाळी हास्यक्लब भरतो, आणि मीही जातो. तो चालवणारे गृहस्थ स्वतः कधीच हसत नाहीत. त्यांचं नाव मी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर ‘काय काम आहे?’ असं उत्तर आलं असतं. डोक्याला कानटोपी, गळ्यात शिट्टी, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. शिट्टी वाजली की आम्ही हात वर करून हसायचं. ‘अहो काका, हसताय की खोकताय?’ हे त्यांचं प्रोत्साहन.

मागच्या महिन्यात कंपनीने मला नेतृत्वाच्या शिबिराला पाठवलं. तिथला टायवाला वक्ता दिवसभर ‘समोरच्याचं ऐका’ सांगत राहिला आणि त्याने कुणालाही बोलू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बागेत क्लबातल्या एक बाई पुन्हा आल्या. नवरा गेल्यापासून त्या येत नव्हत्या. आम्हा सगळ्यांना एकदम कंठ फुटला. ‘खंबीर राहा’, ‘मन रमवा’. मी तर शिबिरातलं ताजं वाक्य ऐकवलं, ‘तुमच्या भावना मी समजू शकतो.’ बाई पिशवीचे बंद पिळत परत निघायच्या बेतात होत्या.

शिट्टी वाजली.

‘गप्प बसा सगळे,’ गृहस्थ आमच्यावर खेकसले. मग बाईंना म्हणाले, ‘या, तुमच्या जागेवर उभ्या राहा. नुसते हात वर करा. हसायचं आम्ही बघतो.’

बाईंनी हात वर केले. आम्ही त्यांच्या वाटचंही हसायला गेलो आणि इतकं भिकार हसलो, की बाईंनाच खुदकन हसू आलं.

लगेच शिट्टी.

‘अहो बाई, नुसते हात म्हटलं होतं ना?’