चिचगडची मुकी डीव्हीडी

बारा वर्षांपूर्वी मी एका बापाचा आवाज पुसून त्याच्यावर सिनेमातलं गाणं टाकलं.

मुद्दाम नाही हो. आमच्या धंद्यात तसंच करतात. देवरीत माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग झालं की मिक्सिंग करताना माणसांचं बोलणं सगळं बंद आणि वरून गाणी. हळदीला एक, वरातीला एक, बिदाईला एक रडकं. मग मूळ कार्ड कोरं करायचं, कारण दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न.

आणि भूतबित मी मानत नाही, हेही आधीच सांगतो. मीच नवरीला ढगातून उतरवतो, नवरदेवाला गुलाबाच्या फुलातून काढतो... पडद्यावरच्या चमत्कारांचं मला कसलं कौतुक?

तर गेल्या चैत्रात चिचगडहून सयाबाई आल्या. पिशवीत त्यांच्या लेकीच्या, रेखाच्या लग्नाची मीच केलेली डीव्हीडी. ओरखडे पडून पार गेलेली. रेखा सौंदडला दिलेली. सयाबाईंचे मालक दयारामभाऊ आदल्या दिवाळीच्या आधी वारले.

“ह्या कॅसेटीत त्यायचा आवाज असन,” त्या म्हणाल्या. “बिदाईच्या वक्ती पोरीच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी बोलले. मी आत रडत बसली होती, मले नाही आलं आयकू. आता रेखीले विचारलं तं नुसती रडते, सांगत नाही. मले आयकाचं आहे, बापा.”

मला ते दृश्य आठवत होतं. दयारामभाऊंचे हलणारे ओठ आठवत होते. त्यावर मी टाकलेलं गाणंही. तिथंच सांगायला हवं होतं. पण मी म्हणालो, “असेल ना मावशी. नवीन करून घरी आणून देतो.”

जुन्या हार्ड डिस्कवर मिक्सिंग झालेली फाईल सापडली. पहिल्यांदा ती मी जशीच्या तशी डिस्कवर कॉपी केली — एवढ्या वर्षांचा अनुभव! — आणि दुकानातल्या प्लेअरनं ‘नो डिस्क’ म्हणून तोंडावर फेकली. मग रीतसर कन्व्हर्ट करायला लावली, तर साठ टक्क्यांवर कॉम्प्युटर थिजला. तिसऱ्यांदा बर्निंगचा वेग जास्त ठेवला. नवरदेवाचा घोडा एकाच पावलावर अडकून बसला. चौथ्यांदा सावकाश बर्न केली. चित्र स्वच्छ... आवाज शून्य. कन्व्हर्ट करताना आवाजाच्या खान्यात मी भलतंच काहीतरी निवडलं होतं.

दुरुस्त करणं अवघड नव्हतं. पण डोक्यात आलं — गाणं वाजलं तर दोष माझा. काहीच वाजलं नाही तर दोष डिस्कचा! म्हणून ती मुकी डिस्क घेऊन मी गाडीवर चिचगडला गेलो. इतका मी हुशार.

टळटळीत दुपार. अंगणात मोहफुलं वाळत होती. सयाबाईंनी हात पुसले, डोक्यावर पदर घेतला आणि टीव्हीसमोर बसल्या. हळद मुकी गेली. वरात मुकी गेली.

“आवाज काऊन नाही गा?”

“डिस्क बिघडली वाटते मावशी.”

बिदाई आली. दयारामभाऊंनी रेखाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि टीव्हीतून कुणीतरी घसा खाकरला.

“मायची फिकर नको करू, बाई. मी आहो ना.”

मागं बँड. भांडी. आणि लगेच दुसरा आवाज, तरणा, उर्मट — “ओ काका, बाजूले व्हा थोडे! नवरी झाकून राहिली!”

तो आवाज माझा होता. पडद्यावर दयारामभाऊ ओशाळून बाजूला झाले. मग पुन्हा सगळं मुकं.

सयाबाई टीव्हीकडे बघत होत्या. “लबाड,” त्या हळूच म्हणाल्या. “म्हणे मी आहो.”

मग त्यांनी रेखाला फोन लावायला सांगितला. “रेखे, ‘मायची फिकर नको करू, मी आहो ना’, असं म्हटलं होतं का वं बाबानं?” “हो,” पलीकडून आलं. मग जे रडणं फुटलं, ते ऐकून मी अंगणात जाऊन मोहफुलं बघत उभा राहिलो.

परत आत येऊन मी तीच जागा पाच-सहा वेळा लावली. मुकी. देवरीला येऊन फाईल तपासली. बिदाईवर गाणं, फक्त गाणं. मूळ रेकॉर्डिंग बारा वर्षांपूर्वीच पुसलेलं, आणि त्या कार्डावर नंतर कितीतरी लग्नं चढलेली. ज्या डिस्कवर आवाजच नव्हता, तिच्यातून तो आला कुठून? या लाईनमधल्या दोघा-तिघांना विचारलं. एकानं झोप घ्यायला सांगितलं. मला आजही कळलेलं नाही. भीती मात्र आवाजाची वाटत नाही. त्या ओशाळून बाजूला झालेल्या माणसाचा चेहरा आठवला की वाटते.

आठ दिवसांनी मी चिचगडला जाऊन सगळं कबूल केलं. गाणं टाकलं होतं, मुकी डिस्क मुद्दाम आणली होती, सगळं. सयाबाईंनी ऐकून घेतलं. ती डिस्क त्यांनी दयारामभाऊंच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून ठेवली होती.

“मावशी, द्या इकडं. नीट करून आणतो.”

त्यांनी दुपट्टा मांडीवर ओढून घेतला.

“राहू दे बापा. तू पुन्हा गाणं टाकशीन.”