घड्याळाचा पट्टा आणि मामाजींची खाट

सिंदेवाहीच्या बौद्ध वस्तीत एका सकाळी गुणवंतराव घरातून निघाले ते डोक्यावर खाट घेऊनच. वय पंचाहत्तरीच्या पलीकडचं, पण पाठ अजून ताठ. काखेत चादर, चेहऱ्यावर राग, आणि मागून सून रश्मी "मामाजी, आयका तं" करत चाललेली. म्हाताऱ्यानं वळून पाहिलं नाही. विहाराला लागून बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी बांधलेली एक खोली आहे. तिथं त्यांनी खाट टाकली, भिंतीकडे तोंड केलं आणि आडवे झाले. समोरच्या मीराबाईनं हातातला झाडू हातातच ठेवून सगळं नीट पाहून घेतलं. दुपारपर्यंत वस्तीभर झालं, गुणवंतभाऊनं सुनेचं घर सोडलं.

भांडण कातड्याचं होतं. पण ते कळायला आधी रश्मी कोण, ते सांगितलं पाहिजे.

रश्मी गोंडपिपरीकडची. बाप लहानपणीच गेला, आईनं अंगणवाडीत नोकरी करून वाढवली. बी.ए.चं शेवटचं वर्ष बाकी असताना लग्न झालं. नवरा संघपाल चंद्रपूरला कंत्राटी कामाला, आठवड्यातून एकदा येणार, तोही अर्धा दिवस झोपेत घालवणार. सासू आधीच वारलेली. म्हणजे घरात बोलायला माणूस एकच, सासरा. गुणवंतराव भात संशोधन केंद्रावर मजुरीला लागले आणि मुकादम होऊन घरी बसले. बोलणं कमी, पण जे बोलतील ते टणक. सुनेचे पेपर आले तेव्हा त्यांनी तिला सायकलवर मागे बसवून परीक्षेला नेलं. चौकातल्या एकानं टोमणा मारलाच, गुणवंतभाऊ, सून आनली का डबलसीट? म्हाताऱ्यानं सायकल थांबवली, पाय टेकला आणि म्हणाले, "माझी पोरगी पेपरले चालली. तुझी कुठी चालली?" तेव्हापासून त्या चौकात त्यांना कोणी हटकलं नाही. रश्मीनं मात्र त्या दिवशी पाठीमागे बसल्याबसल्या ठरवून टाकलं की, या माणसाला शेवटपर्यंत आपण सांभाळायचं.

पुढे ती बचत गटात शाळेचे गणवेश शिवायची. मग ते काम एका ठेकेदारानं वरच्या वर उचललं आणि बायकांच्या मशिनी कापडाखाली झाकून पडल्या. त्याच वर्षी रश्मीची आई गेली. मागे राहिलं एक चावीचं घड्याळ. पांढऱ्या तबकडीचं, आईनं पहिल्या पगारातून घेतलेलं. पट्टा कुजून तुटलेला. दुकानदारानं रेक्झिनचा बसवून दिला तर मनगटावर खाजेचे चट्टे उठले. रश्मीनं तो पट्टा काढून फेकला आणि आईची जुनी चामड्याची पर्स कात्रीनं कापली. कापताना रडली, पण कापली.

पहिला पट्टा वाकडा झाला. मग ती मोबाइलवर बघून शिकली. कुठला कोण गोरा म्हातारा, त्याची भाषा कळत नव्हती, पण हात कळत होते. टाक्यांमधलं अंतर सारखं यावं म्हणून तो जेवायचा काटा कातड्यावर दाबून खुणा करायचा. रश्मीनं भांड्याच्या दुकानातून काटा आणला. जेवायला नाही, खुणा करायला. आरीनं भोकं पाडायची, एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून समोरासमोरून टाके घ्यायचे, दोरा जंगलातल्या मधाच्या मेणातून ओढून घ्यायचा, कडा ओल्या करून लाकडाच्या गुळगुळीत दांड्यानं घासायच्या. नागपूरहून म्हशीच्या कातड्याचे कारखान्यातून उरलेले तुकडे वजनावर मिळायचे. नवा पट्टा ती आधी स्वतःच्या मनगटावर बांधून स्वयंपाक करायची, धुणं धुवायची. घाम, तेल, ऊन लागून तो जुन्यासारखा मऊ आणि गडद व्हायचा. रश्मी म्हणायची, आता हा माणसात आला. तसले पट्टे जुनी घड्याळं बाळगणाऱ्या लोकांना फार आवडतात. तिनं फोटो टाकले आणि पुण्यापासून हैदराबादपर्यंत विचारणा सुरू झाली.

हे सगळं मागच्या खोलीत, दार लावून चाललेलं. कारण तिला माहीत होतं. या वस्तीत कातडं म्हटलं की माणसं नाक मुरडत नाहीत, मान वळवतात. मामाजींना तिनं सांगितलं होतं की, पर्सचं शिलाईकाम हाये. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

पकडलं ते हिरड्यानं. जुना काळपट रंग यावा म्हणून तिनं जंगलातला हिरडा आणून उकळला, त्यात गंजलेले खिळे टाकले आणि कातडं भिजवलं. रंग सुरेख चढला. पण ओल्या कातड्याचा आणि हिरड्याचा मिळून जो वास निघाला, तो दाराच्या फटीतून ओसरीवर गेला. ओसरीवर गुणवंतराव पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला, उठले, दार ढकललं. पातेल्यात पाहिलं. त्या दिवशी सुनेच्या हातचा चहा तसाच निवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाट निघाली.

रश्मी डबा घेऊन विहारात गेली. डबा भरलेला परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हातारा स्वतः भात शिजवून खातो, अर्धा कच्चा, अर्धा करपलेला, असं मीराबाई सांगायची आणि वर पुस्ती जोडायची, "रात्री खोकते व. तुह्या पट्ट्यापायी मरन म्हातारा." संघपालला फोन केला तर तो म्हणाला, तुमचं तुम्ही पाहा. नवरे अशा वेळी नेमके चंद्रपूरला असतात.

शेवटी एका संध्याकाळी रश्मी डबा न नेता गेली आणि खाटेसमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "मामाजी, पायात तुमच्या चप्पल कायची हाये? कमरेले पट्टा कायचा बांधत होते तुमी केंद्रावर?"

"इकत घेतला होता. पैसे टाकून."

"मंग मी इकते. पैसे घेऊन."

म्हाताऱ्यानं पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते घरात कधीच सांगितलं नव्हतं. छप्पन साली चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, बौद्ध धम्माची दीक्षा झाली तेव्हा ते लहान होते, बापाच्या बोटाला धरून पायी गेले होते. त्याआधी गावात ढोर मेलं की बोलावणं बापाला यायचं. ओढायचं, सोलायचं, आणि बदल्यात गावाचे उपकार मानायचे. दीक्षेवरून परतल्यावर बापानं सोलायचा सुरा तळ्यात फेकला. थोड्याच दिवसांत पाटलाचा बैल मेला. बोलावणं आलं, बाप गेला नाही. बैल तिथंच सडला. गावानं मग वस्तीची मजुरी बंद केली, दुकान बंद केलं. पुढचा उन्हाळा घरानं मोहाची फुलं आणि जंगलातले कंद खाऊन काढला. आई बापाला म्हणाली होती, एकदा ओढून द्या, पोरं उपाशी हायेत. बाप उठून बाहेर गेला होता, पण ढोराकडे नव्हे.

"तो वास गेला म्हून मी जेवलो आतापर्यंत," गुणवंतराव म्हणाले. "तू तो घरात आनला."

रश्मीकडे उत्तर होतं. तुमच्या बापानं सक्ती सोडली, कातडं नाही. फुकटात राबणं सोडलं, काम नाही. हे तिनं मनात शंभरदा घोळलेलं. पण भिंतीकडे वळलेली ती पाठ बघून तिच्या तोंडून ते निघालं नाही. ती घरी आली. आरी, सुया, काटा, उरलेले तुकडे पोत्यात भरले. एकाच गिऱ्हाइकाला शब्द दिलेला होता, नागपूरचे एक साहेब, जुन्या घड्याळांचे शौकीन, स्वतः येऊन पट्टे नेणार होते. तेवढं देऊन टाकायचं आणि पोतं बांधायचं, असं तिनं ठरवलं.

साहेब ठरल्या दिवशी आले, गाडी घेऊन. वस्तीत गाडी शिरली आणि मीराबाई विहाराकडे पळाली. घरी सून एकटी अन् गाडीवाला मानूस आला, एवढं तिनं सांगितलं. गुणवंतराव चप्पल न घालताच निघाले. घराशी पोचले तर दार सताड उघडं, आत बोलणं चाललेलं. ते पायरीवर बसले. आतून ते रश्मीला दिसले नाहीत.

साहेब माणूस वाईट नव्हता. पाणी प्यायला, चहा मागून घेतला, पट्टे उजेडात धरधरून पाहिले, कडांवरून बोट फिरवलं. आणखी पुष्कळ पट्टे हवेत म्हणाला, मित्रांनाही सांगेन म्हणाला. रश्मीच्या मनात आलं, बांधलेलं पोतं पुन्हा सोडावं की काय. आणि मग साहेब खूश होऊन बोलला, "खरं सांगू का ताई, हे शिकवून येत नाही. हे रक्तात असावं लागतं. तुम्हा लोकांचा पिढ्यानपिढ्यांचा हात आहे हा."

रश्मीचा चेहरा कसा झाला ते साहेबाला दिसलं नाही, कारण तो पट्ट्याकडे बघत होता. तिनं हात पुढे करून पट्टे त्याच्या हातातून काढून घेतले, एकेक करून.

"साहेब, माह्या रक्तात हे नाई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माह्या आजसासऱ्यानं उपाशी राहून हे सोडलं. मी मोबाइल पाहून शिकली. बोटं टोचून शिकली. तुमाले पट्ट्याचा भाव करता येत असन तं करा, माह्या जातीचा करू नोका."

साहेब गोंधळला. मी तर कौतुक केलं, असं दोनदा म्हणाला. तिनं मान हलवली, हो, कौतुकच केलं. पण पट्टे दिले नाहीत. तो पायरीवरच्या म्हाताऱ्याला वळसा घालून गाडीत बसला.

रश्मी पट्टे हातात घेऊन उभीच राहिली. राग उतरला तसं खाली दुसरंच काही लागलं. मामाजी बरोबर होते की काय? कितीही शिकून, कितीही सुबक केलं तरी लोक ते उचलून पुन्हा आपल्याच अंगावर टाकणार असतील तर? ती विहारात जाऊन सांगावं म्हणून बाहेर आली आणि पायरीवर अडखळली.

"बंद करते मी, मामाजी," ती म्हणाली. "तुमचं खरं होतं."

गुणवंतराव समोर रस्त्याकडे बघत होते. डोळे भरलेले होते, पण ते पुसण्याइतकं त्यांनी त्याकडे लक्ष दिलं नाही. सावकाश बोलले, "माह्या बापाले कोनी असं म्हनलं का तो खाली पाहे. बोलावनं आलं तरी न जाता तो घरी राहिला, पन तोंडून शब्द नाई निघाला त्याच्या. कधीच नाई निघाला." मग म्हणाले, "तू त्या साहेबाच्या हातातून काढून घेतलं."

"राग आला मले."

"येवाच पाह्यजे." म्हाताऱ्यानं मान वळवून आत मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "ते दार लावून काऊन करून राह्यली होती? चोरीचं हाये का? दार लावून केलं म्हून तं मले ते जुन्यावानी लाजेचं वाटलं. करायचं तं इथी ओसरीवर बस. येनारा-जानारा पाहीन, भाव इचारीन. तू सांगजो."

रश्मीला हसू आलं आणि रडूही. तिनं विचारलं, घरी कधी येता?

"खाट आन. नेतानी हलकी होती, आता नाई उचलत माह्याच्यानं."

खाट मीराबाईनं आणि रश्मीनं मिळून आणली, आणि मीराबाईनं वाटेत भेटेल त्याला कारण सांगितलं, स्वतःची भर घालून.

गुणवंतराव त्या दिवशी पोटभर जेवले. पण हे नीट सांगायला हवं, त्यांनी कातड्याला हात लावला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. रश्मीनं त्यांना कधी 'हे जरा धरा' म्हटलं नाही. खाट ओसरीच्या त्या टोकाला, रश्मीचं पोतं या टोकाला. नागपूरच्या साहेबानं पुढे फोनवर माफी मागितली. रश्मीनं ती ऐकून घेतली आणि भाव वाढवून सांगितला.

आता सकाळी ती टाके घालत बसते आणि म्हातारा तिला पेपर मोठ्यानं वाचून दाखवतो. हिरड्याचं पातेलं उघडलं की ते पेपर नाकाशी धरतात आणि वाचणं न थांबवता पुढे वाचत राहतात. आवाज जरा दबका येतो. रश्मी सुई थांबवून नीट ऐकते.