मरोद्याच्या गयाबाईनं तेल थांबवलं

पद्मनाभपुरचे विष्णु मोघे आता शहात्तर वर्षांचे आहेत. पोलादाच्या कारखान्यात नोकरीला लागल्यावर भट्टीतून उसळत येणारं वितळलेलं लोखंड पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांनी तोंडात बोट घातलं होतं. त्याहून थोर काही पाहिलं ते मरोद्यातल्या, कारखान्याच्या कामगार वसाहतीतल्या एका गल्लीत, असं ते आजही सांगतात.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा जुलै. बांगलादेशाच्या लढाईचा खर्च अजून निस्तरला नव्हता, तोच तिकडे अरबांची लढाई पेटली आणि पेट्रोल भडकलं. मागोमाग सगळंच महागलं. सरकारनं फर्मान काढलं: नवी पगारवाढ सगळी आणि वाढीव महागाई भत्त्यातला अर्धा हिस्सा हाती द्यायचा नाही, सक्तीनं जमा ठेवायचा. हाती पैसा कमी आला की भाव उतरतील, असा विचार. विष्णु तेव्हा पगार विभागात नवाच बाबू होता. क्वार्टरमधल्या बायांना हे समजावून सांगायला साहेबांनी त्यालाच धाडलं.

त्यानं घोकून आणलेलं सगळं सांगितलं. मग रूळ बनवणाऱ्या रेल मिलमधल्या भैयालालची बायको पुढं आली. गयाबाई. भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याची लेक, अक्षरओळख नाही.

"म्हंजे आमच्या हाती पैसा आला म्हून भाव वाढते, असंच ना बाबू?"

"हो बाई."

"मंग आमचा हात धरला, दुकानदाराचा कावून नाही धरला?"

विष्णु हातातला फर्मानाचा कागद उलटसुलट करू लागला.

"तुमाले नाही बोलून राहिली मी. तुमी तं सांगाले आले. पन आमी घेतलंच नाही, तं भाव कोनासाठी वाढवते तो?"

सगळ्यात महाग झालं होतं खायचं तेल. दुसऱ्या दिवशी गयाबाई निघाली. गल्लीत बंगाली, तेलुगू, पंजाबी, छत्तीसगढी अशी सगळीच घरं. तिला मराठी आणि मोडकीतोडकी हिंदी तेवढी येई. ती प्रत्येक दारात उभी राही, तेलाची रिकामी बाटली उलटी धरी, दुकानाकडे बोट दाखवी आणि नाही म्हणून मान हलवी. बस.

चौथ्या संध्याकाळी विष्णु काही कागदांवर सह्या घ्यायला सायकलनं गेला. गल्लीच्या तोंडाशीच त्याचा पाय थांबला. एरवी या वेळी जिथं घरोघर फोडणी तडतडायची, तिथं सिगडीवर वांगी भाजल्याचा वास भरून राहिला होता. एकाही घरातून फोडणीचा आवाज नाही. सरकारला कायदा करावा लागला होता. या बाईनं नुसती बाटली उलटी धरली होती.

दुकानदार आधी हसला. आठव्या दिवशी त्यानं भाव आठ आण्यांनी उतरवला. बाया गयाबाईकडे बघायला लागल्या.

"आनखी दोन दिवस वांगंच खाऊ," ती म्हणाली.

अकराव्या दिवशी त्यानं पाटी पुसून गेल्या दिवाळीतला जुना भाव लिहिला.

पुढं देशभरच भाव उतरू लागले. ते कायद्यानं की आणखी कशानं, हे जाणत्यांनी सांगावं. कापलेले पैसेही काही वर्षांनी हप्त्याहप्त्यानं परत मिळाले. पण मरोद्याच्या त्या गल्लीत काय झालं, हे विष्णुनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या अकराव्या संध्याकाळी गयाबाई अंगणात भजी तळत होती, सगळ्या गल्लीसाठी. तिनं विष्णुच्याही हाती ताटली दिली आणि पुढचा घाणा कढईत सोडला. विष्णु ताटली धरून तसाच उभा.

"खा ना बाबू," ती म्हणाली, "गार होऊन राहिली. असे कावून पाहून राहिले माह्याकडं?"