फाटकापलीकडचं हॉस्पिटल

ह्यांना श्वास घेता येत नव्हता आणि आमच्या डॉक्टरांचं पेन चिठ्ठीवर थांबलं होतं. खिडकीतून समोरच्या हॉस्पिटलची पाटी दिसत होती.

“तिथंच नेऊ ना?” मी विचारलं.

“नको काकू. रेल्वे फाटकापलीकडच्या हॉस्पिटलात न्या. तिथं माझा वर्गमित्र आहे, जातीनं बघेल.”

डॉक्टर काही वाईट मनानं म्हणाले नाहीत. आपलं माणूस ओळखीच्याच हाती द्यावंसं वाटतं. आम्ही मुलगीही ओळखीतच दिली, आणि हे डॉक्टर तरी कुठं पारखून धरले होते? ओळखीपुढं अंतर कुणाला दिसत नाही.

फाटक बंद होतं. मालगाडी संपेना. ह्यांनी माझा हात घट्ट धरला होता, तो सुटला.

वर्गमित्र खरंच दारात उभा होता. चिठ्ठी घेऊन रिक्षातून मी एकटी उतरले.