बिनशिक्क्याचा ऐन

त्या बाईचं हसणं मी अजून विसरले नाही. झडती चालू असताना हसलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

आमचे हे तेव्हा खाडीच्या तोंडाशी चौकीवर हवालदार. साहेबाच्या राज्यात पोलिसात बाई कुठली असायला? बाईमाणसाची झडती निघाली की मला बोलावणं यायचं. चुलीवरचं उतरवायचं आणि निघायचं.

खबर होती, मुंबईला साग नेणाऱ्या मचव्यावर चोरून तोडलेलं ऐनाचं लाकूड चढतं. वादळात सापडून मचवा परत खाडीत शिरला, तो यांनी अडवला. खाली सुका साग होता, त्यावर जंगलखात्याचा शिक्का होता. वर मात्र एक ओंडका बिनशिक्क्याचा, आणि खलाशी एक कमी!

मचव्याचा म्होरक्या, तांडेल, म्हणाला, "चोरीचं लाकूड त्याचंच. बाकीचं होडीत घातलं नि पळाला." बाकीचे खलाशी पढवल्यासारखं तेच सांगत.

माल लपवलाय का बघायला आम्ही त्या खलाशाच्या झोपडीत गेलो. बायकोला सगळं सांगितलं, तर ती हसलीच. "पळाला? म्हंजे जिता हाय! मी म्हनलं वादळानं नेला."

तांडेल तिचा सख्खा भाऊ. यांनी त्याला मारलं नाही. होडी कुणाची, उतरला कुठे, एवढंच फिरून फिरून विचारत राहिले. खोटं बोलणारा अशा वेळी चिडतो. हा चिडेना, सारखं पाणी मागायचा.

ती चौकीवर भावाला भाकरी घेऊन यायची. एकदा माझ्यासमोर म्हणाली, "खा रं दादा. घालू दे माज्या धन्याला बेडी, फोडू दे खडी. येल तर घरीच ना?"

त्याचा घास हातातच राहिला. "नको बाय वाट बघू," म्हणाला, आणि रडायलाच लागला.

मग जबानी झाली. "शिडाचा फटका बसून त्यो पान्यात पडला. मानूस पडला की धराया लाकूड टाकायचं, ही आमची रीत. वरचं हाताला आलं ते टाकलं. ओला ऐन, नुकता तोडलेला. त्यानं मिठी मारली, तर लाकूड त्याला घेऊनच खाली गेलं. दुसरं टाकलं, तेबी गेलं. खाली सुका साग व्हता, सायेब. सुचलंच न्हाय."

यांनी पंच बोलावून उरलेला ओंडका धक्क्यावरून खाडीत टाकला. दगडासारखा गेला. ती माझ्या शेजारीच उभी होती. माझा दंड तिने असा धरला की वळ उठले.

तांडेलाला लाकूडचोरीची शिक्षा झाली. मरण अपघाती लिहिलं. प्रेत मिळालं नाही. यांना वरून शाबासकी आली.

पुढे ती बाजारात भेटली. कपाळ मोकळं. म्हणाली, "काकी, पळालेला चोर म्हनूनच लिवून ठेवला असता, तर तुमचं काय जात व्हतं?"

गुन्हा उघडकीला आला की चौकीत सगळ्यांना हलकं वाटतं. त्या दिवसापासून मला कधी वाटलं नाही. खरं शोधायचं असतं, ते खरंच. पण ते ज्याच्या घरात जाऊन बसतं, त्याला ते हवं होतं का, हे विचारायचा कागद सरकारात नाही. बाजारात मी माझ्या पिशवीतले दोन नारळ तिच्या टोपलीत ठेवले. तिने ते उचलून परत माझ्या हातात दिले.