टाकीला वास नाही

आमच्या कारखान्यात एवढी यंत्रं, एवढे शिकलेले लोक, आणि शेवटचा शब्द कुणाचा? माझ्या नाकाचा! हसू नका. पेट्रोलियमच्या शुद्धीकरणातून निघणारा वायू पाइपातून आमच्याकडे येतो. त्याचा पाण्याशी संयोग घडवायचा, मग कॉलम नावाच्या उंच नळकांड्यात उकळून वेगळं काढायचं, की झालं अल्कोहोल तयार. ते जातं अत्तरं नि लोशनं बनवणाऱ्यांकडे. त्यात मूळचा घाणेरडा वास राहिला तर सगळा माल वाया. तो पकडायला माणूसच लागतो. कागदाची पट्टी टाकीतल्या मालात बुडवायची, वाळू द्यायची आणि हुंगायची. वास आला नाही तर टाकी पास.

हुंगणारा मी. लोक मला नाकसाहेब म्हणायचे आणि मी मूर्ख तेवढ्यावर फुगून बसायचो. घरी भाजीला नावं ठेवायची, शेजाऱ्यांच्या अत्तराला नाक मुरडायचं. बायको म्हणायची, "त्या नाकाला एखादं कुलूप लावा!"

मध्यंतरी मला जबरदस्त सर्दी झाली. बरं वाटल्यावर कामावर गेलो आणि पहिलीच टाकी हुंगली. अहाहा! इतका स्वच्छ माल जन्मात हुंगला नव्हता. आमची नवी केमिस्ट पोरगी चाचरत म्हणाली, "काका, मला जरा वास येतोय."

"तुझ्या साबणाचा असेल," मी सगळ्यांदेखत म्हणालो. सगळे हसले, मी जरा जास्तच.

दोन दिवसांनी माझी सुट्टी होती. स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो होतो, तर बायको बाहेरून धावत आली. "अहो, दूध करपलं! जिन्यापर्यंत वास येतोय आणि तुम्ही इथेच बसलाय?"

भांडं काळंठिक्कर पडलं होतं. मी त्यात तोंड घातलं. काही नाही. कांदा चिरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण वासाचा पत्ता नाही. मी पास केलेली ती टाकी आजच टँकरमध्ये भरायची होती.

फोन उचलला आणि परत ठेवला. नाक सोडलं तर माझ्याकडे होतं काय? ना शिक्षण, ना हातात कसब. उद्यापासून गेटवर बसवतील. खरं सांगतो, गप्प राहावंसं वाटलं.

"ते लोशन लोक तोंडाला लावतात ना हो?" टाकीची गोष्ट ऐकून बायकोने विचारलं.

झालं! तसाच चपला अडकवून धावलो. टँकरला पाइप जोडून झाला होता. "थांबा, थांबा!" ओरडून घसा बसला. सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की माझं नाक बंद पडलंय. सगळे तपासणीच्या खोलीत आलो. केमिस्टने पट्टी बुडवून वाळवली. टँकरच्या ड्रायव्हरने लगेच तोंड फिरवलं. शिपायाने न सांगता खिडकी उघडली. खोलीत एकटा मीच छान श्वास घेत उभा होतो.

"परवाही असाच येत होता, काका," ती हळूच म्हणाली. "पण तुम्ही नाही म्हणालात, म्हणजे माझ्याच नाकात काहीतरी बिघाड असणार, असं वाटलं. काल डॉक्टरकडे जाऊन आले."

लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काय म्हणाले डॉक्टर?"

"नाक ठणठणीत आहे म्हणाले."

मी माझं स्टूल तिच्याकडे सरकवलं. "मग बस इथे. आजपासून तू सांगायचं. आणि मी मध्ये बोललो, तर खुशाल गप्प बस म्हण."